चंद्रावर भर दुपार असते

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच तऱ्हेचा फोटो फिरत असतो: काळ्या पाटीवर खडूचा पांढरा ठिपका. खाली ओळ असते, ‘प्रत्यक्षात फार सुंदर दिसत होता हो!’ दिसत होताच. डोळ्यांची त्यात काही चूक नाही आणि बहुतेक वेळा फोनचीही नाही. चूक समजुतीची आहे. आपण चंद्राला रात्रीची वस्तू समजतो. त्याचा जो भाग आपल्याला उजळलेला दिसतो तिथे लख्ख ऊन पडलेलं असतं. पौर्णिमेला तर चंद्रबिंबाच्या मध्यावर ऐन मध्यान्ह असते. म्हणजे फोटो काढायचा असतो उन्हात तापलेल्या दगडाचा, फक्त तो अंधाऱ्या खोलीच्या खिडकीतून दिसतोय इतकंच.

दगडही काही पांढराशुभ्र नाही. पडलेल्या उजेडापैकी चंद्र सरासरी १२ टक्केच परत फेकतो. झिजून करडा झालेला डांबरी रस्ता साधारण तेवढाच उजेड फेकतो. भोवती काळंकुट्ट आकाश नसतं तर त्याला रुपेरी म्हणायचं कुणाच्या मनात आलं नसतं.

ऑटो मोडवरचा कॅमेरा चौकटीतला सगळा काळोख मोजतो, ‘फारच अंधार आहे’ असा निष्कर्ष काढतो आणि शटर अर्धा सेकंद उघडं ठेवतो. चंद्र जळून पांढरा होतो. म्हणून पहिलं काम, कॅमेरा मॅन्युअलवर नेणं. उंच आलेल्या पौर्णिमेच्या चंद्रासाठी जुना ठोकताळा आहे: ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/११ आणि शटर आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याएवढ्या भागाचं. आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. भर दुपारच्या उन्हातल्या फोटोंचा ठोकताळा याच धाटणीचा आहे, तिथे ॲपर्चर एफ/१६ असतं. दोन्हींत फरक जेमतेम एका स्टॉपचा, म्हणजे उजेडाच्या दुपटीचा. चंद्रावर दुपार असते ही कविकल्पना नाही, हे एक्स्पोजरचं गणित आहे.

पौर्णिमा सोडून इतर दिवशी हे गणित बदलतं, आणि अंदाजापेक्षा बरंच जास्त बदलतं. अष्टमीला बिंबाचा अर्धा भाग उजळलेला असतो, म्हणून उजेडही पौर्णिमेच्या निम्मा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. कारण तिरप्या उन्हात प्रत्येक खड्ड्याची, प्रत्येक खड्याची सावली आपल्या बाजूला दिसते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो, सावल्या खड्यांच्या आड दडतात आणि बिंब एकदम झळाळतं. एफ/८ आणि आयएसओ २०० धरलं तर पौर्णिमेला १/४००, शुद्ध अष्टमीला १/१०० आणि चतुर्थीच्या कोरीला १/२५ सेकंदापासून सुरुवात करावी. हे सगळे आकडे चंद्र आकाशात वर आल्यानंतरचे. क्षितिजाजवळ धूळ आणि धूर दोन-तीन स्टॉप सहज गिळतात. पहिल्या फोटोनंतर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघायचा, उजवी कड कापली जात नाही ना याची खात्री करायची आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवायची.

तिथीचा उल्लेख मुद्दामच केला. कुठल्याही फोटोग्राफीच्या ॲपपेक्षा घरातलं पंचांग इथे जास्त कामाचं आहे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचे १२-१२ अंशांचे टप्पे, आणि चंद्राची कला ठरते ती याच कोनावरून. त्यामुळे तिथी कळली की एक्स्पोजर कळतं, आणि त्या रात्री चंद्रावर कुठे सूर्य उगवतोय तेही कळतं. उजेड आणि काळोखाच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, विवरं खोल दिसतात, फोटो काढावा तो तिथलाच. शुद्ध षष्ठीला थिओफिलस विवर या सीमेवर येतं. अष्टमीला टॉलेमियस, अल्फोन्सस आणि अर्झाकेल ही तिघं एकाखाली एक दिसतात. नवमीला टायको आणि दक्षिणेकडचं अवाढव्य क्लेव्हियस, दशमीला कोपर्निकस. चंद्र किंचित डोलतो त्यामुळे हे थोडं मागेपुढे होतं, पण फार नाही. अष्टमीच्या सुमारास चार-एक तास तीन विवरांच्या कडा उजळून काळोखात स्पष्ट ‘एक्स’ उमटतो. ते तास पुण्याच्या रात्रीत दर महिन्याला येतीलच असं मात्र नाही.

आणि पौर्णिमा? छायाचित्रकाराच्या दृष्टीने ती महिन्यातली सगळ्यात सपाट रात्र. सावली नाही म्हणजे उंच-सखल काही नाही. टायकोपासून निघालेले पांढरे पट्टे तेवढे छान येतात, बाकी सगळं धुतलेलं. लोक नेमके त्याच रात्री लेन्स भाड्याने आणतात.

लेन्सचाही हिशेब सोपा आहे. चंद्रबिंबाची रुंदी आकाशात सुमारे अर्धा अंश. लेन्सची फोकल लेंग्थ ११० ने भागली की सेन्सरवर पडणाऱ्या बिंबाची मिलिमीटरमधली रुंदी मिळते. ५० मिमीच्या लेन्सवर चंद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान पडतो, ३०० वर पावणेतीन मिलिमीटर, ६०० वर साडेपाच. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर ३०० मिमीने काढलेलं बिंब साधारण ७०० पिक्सेल रुंद भरतं. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, तेव्हा एका पिक्सेलमध्ये पाच किलोमीटर आले. ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस जेमतेम १९ पिक्सेलचं. यापेक्षा बारकावा हवा असेल तर लेन्स वाढवण्यापेक्षा दुर्बीण परवडते. १,२०० मिमी फोकल लेंग्थच्या सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरच्या, आरशाच्या) दुर्बिणीला टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) लावून कॅमेरा जोडला की बिंब ११ मिलिमीटरचं होतं आणि चौकटीत नीट मावतं. इथे हमखास एक गोची होते. डोळ्याने बघायला बनवलेल्या बऱ्याच न्यूटोनियन (डॉब्सोनियनही त्यातलीच) दुर्बिणींचा फोकसर पुरेसा आत जात नाही, आणि कॅमेरा लावल्यावर चंद्र काही केल्या स्पष्ट होत नाही. दुर्बीण बिघडलेली नसते. मध्ये बार्लो लेन्स (प्रतिमा मोठी करणारं भिंग) घातली की प्रतिमा मागे सरकते आणि काम होतं.

मग प्रश्न स्थैर्याचा. पुण्यात चंद्राचे फोटो निघतात ते बहुतेक गच्चीवरून, आणि गच्चीसारखी अवघड जागा नाही. (सोसायटीच्या सेक्रेटरींकडून किल्ली मिळवणं हा वेगळाच विषय.) दिवसभर तापलेला स्लॅब सूर्यास्तानंतर दोन-तीन तास उष्णता सोडत राहतो. ती गरम हवा लेन्ससमोरून वर जाते आणि मोठं करून पाहिलं तर चंद्राची कड उकळत्या पाण्यासारखी हलताना दिसते. एसीच्या युनिटच्या वरून नेम धरला तर बोलायलाच नको. त्यात लिफ्टची मशीनरूम गच्चीवर असेल तर कुणी पाचव्या मजल्यावर निघालं की तुमच्या फोटोत भूकंप. माती आणि गवत काँक्रीटपेक्षा लवकर निवतात, म्हणून टेकडी बरी. गच्चीच हवी असेल तर पाण्याच्या टाकीपासून आणि लिफ्टपासून लांबचा कोपरा धरावा आणि चंद्र क्षितिजापासून निदान ४० अंश वर येऊ द्यावा.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये. लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करावं, नाहीतर ते नसलेली थरथर शोधत स्वतःच थरथरतं. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, काम करावं. फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. बऱ्याच लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात. पडद्यावर दहापट मोठं करून उजेड-काळोखाच्या सीमेवरचं एखादं विवर काटेकोर दिसेपर्यंत हाताने फिरवावं आणि रिंगला कागदी चिकटपट्टी लावून टाकावी. ॲपर्चर सगळं उघडं नको, एफ/१६ च्या पुढेही नको. एफ/८ च्या आसपास बहुतेक लेन्स खूश असतात.

चंद्र आकाशातून सरकतो तोही किती, तर दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका. ३०० मिमीवर १/१० सेकंदापेक्षा आणि ६०० वर १/२० पेक्षा सावकाश शटर ठेवलं तर कडा पुसट होऊ लागतात. हवेच्या थरथरीवर खरा उपाय मात्र एका फोटोत नाहीच. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा, म्हणजे हजारो चौकटी मिळतात. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या हवा क्षणभर स्थिर असताना पडलेल्या चौकटी निवडतं. वरच्या १० ते २० टक्के ठेवून त्यांची थर रचून एक प्रतिमा करावी आणि रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या वेव्हलेट या धार वाढवणाऱ्या साधनाने बारकावे उठवावेत. हे शेवटचं काम मिठासारखं. थोडं जास्त झालं की प्रत्येक विवराभोवती काळी-पांढरी किनार येते आणि चंद्र प्लास्टरचा दिसतो.

रंगाबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला हवं, कारण मन आणि कॅमेरा यांच्या वाटा तिथे फुटतात. चांदणं म्हटलं की हल्ली निळसर छटा डोळ्यांपुढे येते, सिनेमातल्या रात्रीसारखी. चंद्रप्रकाश निळा नाही. सूर्यप्रकाशच तपकिरी-करड्या दगडावर आपटून येतो, त्यामुळे तो मूळ उन्हापेक्षा किंचित पिवळाच असतो. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) म्हणूनच ‘डेलाइट’वर ठेवावा. निळेपणा येतो तो आपल्या डोळ्यांतून. अंधुक उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी थकतात आणि ज्या पेशी काम करतात त्यांना निळ्या-हिरव्याकडचा उजेड जास्त जाणवतो, तांबडा जवळजवळ नाहीच. चांदण्यात कुंकू काळपट दिसतं ते यामुळे. मराठीने मात्र चांदण्याला निळं म्हटलं नाही. आपल्याकडे चांदणं असतं ते पिठूर. रंग हरवून फक्त पांढऱ्याचे आणि करड्याचे थर उरतात, अंगणावर कुणी पीठ भुरभुरल्यासारखे. हे निरीक्षण दृष्टिशास्त्राच्या पुस्तकात शोभावं इतकं नेमकं आहे.

याचा पडताळा घ्यायचा असेल तर पौर्णिमेच्या रात्री शहराच्या दिव्यांपासून दूर, राजगड-तोरण्याच्या बाजूला जाऊन चंद्राकडे पाठ करावी आणि चांदण्यातल्या डोंगराचा फोटो काढावा. एफ/४, आयएसओ ८००, ३० सेकंद. फोटोत दिवस उगवतो. गवत हिरवं, माती तांबूस, आकाश चक्क निळं, आणि त्या निळ्या आकाशात तारे. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे सुमारे चार लाख पट मंद केलेलं ऊन. गूढ, उदास, हुरहूर लावणारं जे काही त्यात आपल्याला सापडतं, ते सेन्सरला सापडत नाही.

ते कुठून येतं याचा शोध माणसाने फार पूर्वीपासून घेतला आहे, आणि गंमत अशी की दोन उलट्या दिशांनी घेतला आहे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात चंद्र मनापासून जन्मतो. आधी मन, मग चंद्र. फलज्योतिषाने तो मनाचा कारक ठरवला आणि बाण उलटा केला. युरोपात तर भाषेनेच निकाल लावला: लॅटिनमध्ये चंद्र म्हणजे ‘लुना’, त्यावरून वेडा तो ‘ल्युनॅटिक’. अठराव्या शतकातला इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन अशा माणसाची व्याख्या करताना त्याच्या शुद्धीवर येण्या-जाण्याचा संबंध चंद्राच्या बदलांशीही जोडतो. तोच शब्द कायद्याच्या पाठीवर बसून आपल्याकडे आला. १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू होईपर्यंत पुस्तकात होता. म्हणजे स्वातंत्र्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं येरवड्याच्या मनोरुग्णालयात भरती होणारा माणूस कायद्याच्या भाषेत चंद्राचाच बाधित होता. ‘येरवड्याला पाठवायला हवं’ हा पुणेरी विनोद त्याच काळातला असावा, आणि तो आता संपला तर बरं.

या दोन गोष्टी, चंद्राचं छायाचित्र आणि चंद्राचं वेड, एका बाटलीत एकत्र आल्या होत्या. किमयागारांनी प्रत्येक धातू एकेका ग्रहाला वाटून दिला होता. चांदी चंद्राची. आपल्याकडेही चंद्र, चांदणं, चांदी एकाच घरातली. म्हणून सिल्व्हर नायट्रेटचं जुनं इंग्रजी नाव ‘ल्युनर कॉस्टिक’, चांद्र दाहक. अपस्मार, म्हणजे फिट येणं, हा चंद्राच्या कलांबरोबर वाढणारा विकार समजला जाई, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर त्यावर हेच चांदीचं मीठ पोटात देत. फिट थांबत नसत. वर्षानुवर्षं घेतलेल्यांची कातडी मात्र कायमची निळी-करडी होई, कारण अंगात साठलेली चांदी उजेडाने काळवंडते. ज्या गुणामुळे रोगी निळा झाला त्याच गुणावर फोटोग्राफी उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर याने १८४० मध्ये चंद्राची जी डॅगेरोटाइप (सुरुवातीच्या काळातल्या छायाचित्रपद्धतीची) प्रतिमा घेतली ती चांदीच चढवलेल्या पत्र्यावर, आणि तिला २० मिनिटं लागली. चंद्राच्या धातूवर चंद्र उमटला.

आपल्याकडे ‘अमावस्या-पुनवेला त्याचं बिघडतं’ असं दोन्ही तिथ्या जोडून म्हणतात. दोन्ही एकत्र येतात ते भरती-ओहोटीत. त्यावरून कुणीतरी तर्क लढवतं: शरीरात इतकं पाणी, मग चंद्र त्यालाही ओढणारच. हा तर्क खडकवासल्यापर्यंत नेला तरी पुरे. धरणात अब्जावधी लिटर पाणी आहे, पण भरती येऊन कुणाच्या चपला भिजल्याचं ऐकिवात नाही. भरती येते ती चंद्राची ओढ समुद्राच्या एका टोकाला जास्त आणि हजारो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या टोकाला कमी पडते म्हणून. साडेपाच फुटी माणसाच्या डोक्यात आणि पायात असा फरक नावालाही पडत नाही.

आकडेवारीनेही हे मोडीत काढलं आहे. जेम्स रॉटन आणि इव्हान केली यांनी १९८५ मध्ये ३७ अभ्यास एकत्र तपासले आणि पौर्णिमा व वेडेपणाची लक्षणं यांत दखल घ्यावा असा संबंध सापडला नाही. तरीही रुग्णालयातल्या रात्रपाळीला विचारा, ‘पौर्णिमा होती ना काल’ हे वाक्य ऐकायला मिळेल. गडबडीच्या रात्री खिडकीत चंद्र दिसला की लक्षात राहतो. गडबड झाली आणि आकाशात चतुर्थीची कोर होती, तर तिच्याकडे कोण बघतो?

पण इथे घाईने फाइल बंद करू नये. ओढ बाजूला ठेवली तरी उजेड उरतो. १९९९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स रेझन आणि सहकाऱ्यांनी एक साधा मुद्दा मांडला: गॅसचे आणि विजेचे दिवे येण्यापूर्वी पौर्णिमा ही खरोखर उजेडाची रात्र होती. लोक जागत, बाहेर असत, कमी झोपत. आणि झोप तुटणं हे बायपोलर (मन उन्माद आणि नैराश्य यांत झुलतं त्या) विकारात उन्मादाचा झटका आणू शकतं, फिट येणाऱ्यालाही ते घातक. म्हणजे जुन्या लोकांनी पाहिलं ते खोटं नसेल, कारण मात्र चुकलं असेल. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रयोगशाळेत ३३ जणांच्या झोपेच्या नोंदी तपासल्या तेव्हा पौर्णिमेच्या आसपास झोप सुमारे २० मिनिटांनी कमी दिसली. नंतरच्या इतर अभ्यासांत तसं दिसलं नाही. २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या टोबा आदिवासींच्या वस्त्यांत मनगटी यंत्रं बांधून पाहिलं, तर पौर्णिमेच्या आधीच्या तीन ते पाच रात्री लोक उशिरा आणि कमी झोपत होते. पौर्णिमेच्या आधीच का? कारण तेव्हा चंद्र संध्याकाळीच वर आलेला असतो, पौर्णिमेनंतर तो उशिरा उगवतो. मनोविकारतज्ज्ञ थॉमस वेहर यांनी फार झपाट्याने मनःस्थिती पालटणाऱ्या १७ बायपोलर रुग्णांच्या नोंदींत चांद्रमासाशी मिळणारी लय दाखवली. सतरा माणसं म्हणजे फार नाहीत, हेही खरं.

पुण्याच्या रस्त्यावर आता या उजेडाला किंमत उरलेली नाही. पौर्णिमेचं चांदणं फार तर पाव लक्स (उजेड मोजायचं एकक), रस्त्यावरचा दिवा त्याच्या कितीतरी पट. झोप उडवायला चंद्राची गरज नाही, उशाशी असलेला फोन पुरतो. ज्यांना बायपोलरचा त्रास आहे त्यांनी मात्र चंद्राच्या नादाने रात्र रात्र जागू नये, आणि सुदैवाने या छंदात ते लागतही नाही. सगळ्यात चांगला चंद्र, अष्टमीचा, सूर्य मावळताना डोक्याच्या आसपास असतो. सात ते नऊच्या दरम्यान काम आटोपतं, घरी येऊन गरम वरण-भात खाता येतो. कृष्ण अष्टमीचा हवा असेल तर तो पहाटे साडेपाचला फिरायला जाणाऱ्यांचा चंद्र.

उगवत्या चंद्राचा मोह वेगळा. पर्वतीच्या देवळामागून वर येणारं भलंमोठं तांबडं बिंब सगळ्यांनाच हवं असतं. पुण्यातून चंद्र उगवतो तो पूर्वेच्या दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त तीस-तीस अंशांत, तेही चंद्राची वाट कमी-जास्त कलते त्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यातल्या ठरावीक वर्षांत. एरवी वीस-पंचवीसच. वेताळ टेकडीवरून पर्वती बरीच आग्नेयेला पडते, तेव्हा तिथून पर्वतीमागे चंद्रोदय मिळणं भूगोलातच बसत नाही. कोथरूडची पश्चिम बाजू किंवा वारजे-कर्वेनगर इथून ती पूर्वेकडे येते, मध्ये इमारती नसल्या तर. किती लांब जायचं याचाही तोच ११० चा आकडा: वस्तूच्या उंचीच्या ११० पट अंतरावर गेलं की ती चंद्राएवढी दिसते. पावणेदोन मीटरचा माणूस १९० मीटरवर. १५ मीटरचं शिखर पाच किलोमीटरवरून बिंबाच्या एक तृतीयांश.

दिवस निवडावा पौर्णिमेच्या आदला. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी उगवतो, जमिनीवर उजेड असतो आणि चंद्र व देऊळ एकाच एक्स्पोजरमध्ये येतात. पौर्णिमेनंतर एक जरी दिवस उशीर झाला तरी देऊळ काळं आणि चंद्र पांढरा. चंद्रोदयाची वेळ संकष्टीच्या उपासकरूंना पाठ असते, दिनदर्शिकेत ती गावागणिक छापलेली असते. ती सपाट क्षितिजाची वेळ. समोरची इमारत क्षितिजापासून पाच अंश वर असेल तर चंद्र वीस-बावीस मिनिटांनी डोकावतो, आणि भुकेल्या माणसाला पंचांग चुकल्यासारखं वाटतं.

तो क्षितिजावर मोठा दिसतो हाही मनाचाच खेळ. त्याच लेन्सने उगवताना आणि मध्यरात्री असे दोन फोटो काढून शेजारी ठेवावेत. उगवतीचा चंद्र तसूभर लहानच भरतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येइतका जास्त लांब असतो. २०२३ मध्ये एका कंपनीच्या फोनबद्दल गदारोळ झाला होता. कुणीतरी चंद्राचा फोटो मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीत फोनने तो टिपला, तर फोनने त्यात नसलेली विवरं भरून दिली. लोकांना फसवल्यासारखं वाटलं. पण फोन तेच करत होता जे आपण क्षितिजावरच्या चंद्राशी कायम करतो.

फाल्गुन-चैत्रातली कोर यात सगळ्यात उपेक्षित. त्या दिवसांत सूर्य-चंद्राची वाट पुण्याच्या पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभी असते, त्यामुळे द्वितीया-तृतीयेची कोर होडीसारखी आडवी पडते, अगदी कपाळावरच्या चंद्रकोरीसारखी. कोरीच्या पोटात उरलेलं बिंबही फिकट दिसतं. तो पृथ्वीवरून परतलेला उजेड, उजळ कोरीच्या सुमारे दहा हजार पट मंद. २०० मिमी, एफ/४, आयएसओ १६००, एक सेकंद, आणि कोर जळणार हे मान्य करून टाकायचं. भाद्रपदातल्या चतुर्थीची कोर बघू नये म्हणतात, आळ येतो. पुण्यात त्या दिवशी ढगच इतके असतात की चोरीचा आळ घेण्याची संधी क्वचितच मिळते.

राहता राहिली कोजागिरी. मध्यरात्री चंद्र सुमारे ८० अंशांवर, जवळपास डोक्यावर असतो. ट्रायपॉडचा बॉलहेड तेवढा वर वळत नाही, मान दुखते आणि बिंब सपाट. त्यापेक्षा दुधातला चंद्र टिपावा, पण नऊच्या सुमारास, तो ४५ अंशांवर असताना. मध्यरात्री वाकून पाहिलं तर तुमचंच डोकं मध्ये येतं. दुधाचा पृष्ठभाग पडलेल्या उजेडापैकी दोन-तीन टक्केच आरशासारखा परत देतो, म्हणून थेट चंद्राच्या एक्स्पोजरमध्ये साडेपाच स्टॉप वाढवायचे: एफ/५.६, आयएसओ ४००, १/३० सेकंद. पातेलं टेबलावर नको, जमिनीवर. कुणी टेबलाला टेकलं तरी चंद्र फुटतो. बदाम-पिस्त्याचे काप नंतर घालावेत. आणि फोकस दुधावर करायचा नाही. दुधातला चंद्रही आकाशातल्या चंद्राइतकाच लांब असतो, फोकस अनंतावरच लागतो. पातेल्याची कड धूसर येईल. ती हवी असेल तर कडेवर फोकस करून दुसरा फोटो घ्यावा आणि दोन्ही जोडावेत. हे सगळं दूध कोमट असतानाच, कारण एकदा साय धरली की चंद्र गेला.